एकशे अठ्ठेचाळीस जीबी

धर्मपालने जमुनाबाईंचा फोन वायरीतून उपटला आणि पायात चप्पल न घालताच तो जिना उतरला. फोन त्याच्या मुठीत वाजत होता. पडद्यावर जमुनाबाईंच्या सुरतच्या लेकाचा फोटो होता, आणि हा लेक आठवड्यातून एकदाच फोन करतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तीन घरं ओलांडून तो त्यांच्या दारात पोचला तोवर वाजणं थांबलं होतं.

"कटला," तो धापा टाकत म्हणाला.

"मंग लाव ना बाप्पा तूच," जमुनाबाईंनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "मले कुठी लावता येते?"

त्याने लावून दिला आणि तिथेच उंबऱ्यावर बसला, कारण बोलणं संपल्यावर फोन परत न्यायचा होता. जमुनाबाई लेकाला सांगत होत्या, "अरे, फोन धर्मपालकडे होता. हाव, थो रोज नेते. डेटा काढते म्हणे त्याच्यातून. आता मले काय मालूम काहून काढते, काढते बिचारा." धर्मपालने समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

एकतीस वर्षं एसटीच्या बसखाली आडवं पडून काम केलेला हा माणूस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता साठाव्या वर्षी त्याने एकच काम अंगावर घेतलं होतं. वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक गेम उतरवायची होती. गेमचा आकार होता एकशे अठ्ठेचाळीस जीबी. गल्लीत इंटरनेटची तार टाकायला 'उद्याच येतो' असं सांगून गेलेला माणूस पोळ्यापासून उगवला नव्हता, म्हणून धर्मपालने आपल्या डोक्याने दुसरी वाट काढली होती.

ती वाट अशी. हल्ली कुठलाही रिचार्ज मारला की रोजचा दोन जीबी डेटा गळ्यात पडतोच. तरण्या पोरांचा तो दुपारपर्यंत उडतो. म्हाताऱ्यांचा उडत नाही. त्यांचे फोन मुलांनी चालू ठेवलेले असतात. त्यावर एखादं कीर्तन ऐकायचं, नातवाचा फोटो बघायचा आणि फोन उशाशी ठेवायचा. उरलेला दीड जीबी रात्री बाराला मरून जातो. गाळलेलं ऑईल पुन्हा वापरण्यात ज्याची हयात गेली त्याला ही नासाडी सोसवेना. गल्लीतल्या पाच म्हाताऱ्यांचे फोन तो दुपारी कापडी पिशवीतून घेऊन येई. फोनांवर चिकटपट्टीने नावं लावलेली होती. एकेक फोन वायरीला लावायचा, दीड जीबी ओढून घ्यायचा, की दुसरा लावायचा. दिवसाकाठी सात जीबी. हिशेबाने तीन आठवड्यांचं काम.

त्या दिवसानंतर जमुनाबाईंनी फोन द्यायचं बंद केलं आणि त्या स्वतःच फोन घेऊन वर येऊन बसू लागल्या. त्यांचं पाहून खुशालराव आले. खुशालरावांची मोर्शीकडे संत्र्याची बाग होती, ती आता पुतण्या पाहत होता आणि यांना दिवस खायला उठत होता. ते येताना खिशातून बोरं आणत. मग उरलेले तिघंही आले. धर्मपालची बायको पौर्णिमा एकदा चहा करी, कधी दोनदा. सगळे पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे बघत बसत, आणि ती तसूभर सरकली की खुशालराव म्हणत, "सरकली, सरकली."

"पण धर्मपाल, तुले या उमरीत गेम कायले खेळा लागते गा?" एकदा त्यांनी विचारलंच.

"टाइमपास," धर्मपाल म्हणाला.

पौर्णिमाने कप उचलता उचलता नवऱ्याकडे पाहिलं आणि ती खाली गेली.

कारण होतं अपेक्षा. त्यांची एकुलती एक लेक. ती इंजिनिअर झाली तेव्हा धर्मपालने अख्ख्या वर्कशॉपात पेढे वाटले होते. सरकारी परीक्षांचे फॉर्म त्यानेच रांगेत उभं राहून आणले होते. पोरगी एकाही परीक्षेला बसली नाही. ती पुण्याला गेली आणि गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. वर्षभराने दिवाळीला घरी आली तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, "तिथी तू नेमकं काय करून राहिली?"

"दगड बनवून राहिली, बाबा."

"कायचे दगड?"

"गेममधले. डोंगर असते, नदी असते, तिथले. एकेक दगड वेगळा घडवा लागते."

धर्मपालची आई नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर खडी फोडायची. तो लहान असताना खडीच्या ढिगाच्या सावलीत झोपायचा आणि हातोड्याच्या आवाजाने त्याची झोप मोडायची नाही, उलट आवाज थांबला की मोडायची. त्या खडीवर तो शिकला. हे सगळं त्याला एकदम आठवलं आणि तो बोलून गेला, "माह्या मायनं दगड फोडून मले शिकवलं. मी तुले शिकवलं. अन् तू पुन्हा दगडापाशीच जाऊन बसली?"

बोलल्याबरोबर त्याला कळलं होतं की हे बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलेला शब्द मागे कसा घ्यायचा हे त्याला कधी जमलंच नव्हतं. वर्कशॉपात तशी गरज पडत नसे. अपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. त्याला दोन वर्षं होऊन गेली. तिचा फोन यायचा तो आईला, आणि चुकून याने उचलला तर ती म्हणायची, "बाबा, आईले द्या." ती रागाने म्हणायची नाही, साधंच म्हणायची, आणि ते त्याला जास्त लागायचं.

यंदा दिवाळीनंतर पौर्णिमाने सांगितलं, "पोरीची गेम आली म्हणते बाजारात. अडीच वर्षं केलं तिनं त्याच्यावर काम. साऱ्या दुनियेतले लोकं खेळून राहिले." धर्मपालने हुं केलं. तिसऱ्या दिवशी तो काही न सांगता अकोल्याच्या गाडीत बसला. पोरीने काय केलंय ते एकदा डोळ्यांनी बघावं, मग तिच्याशी बोलावं, एवढंच त्याच्या मनात होतं. न बघता माफी मागणं त्याला खोटं वाटत होतं. ज्या कामाला आपण नाव ठेवलं ते काम आधी तपासलं पाहिजे, असा त्याचा कारागिराचा हिशेब.

अकोल्यात नबीभाईचं गेमचं दुकान होतं. धर्मपाल अकोला आगारात असताना नबीभाईचे वडील कँटीन चालवायचे, तेव्हापासूनची ओळख. दुकानात दहा मशीन होत्या, त्यांतल्या सात आता कपडा टाकून ठेवलेल्या होत्या.

"पहिले एका मशीनीत चाळीस गेम मावत होत्या भाऊ," नबीभाई म्हणाला. "आता दोन टाकल्या का मशीन म्हणते बस. तिसरी पाहिजे त एक काढा. काय काढायचं यावरून पोट्ट्यायचे रोज झगडे. मी मशीनीच काढून राहिलो एकेक."

"एवढी जागा काहून लागते पण?"

"अब थे बनवणाऱ्याले विचारा. पान वेगळं, गवत वेगळं, भिंतीवरची पापडी वेगळी. हर चीज का वजन लगता है."

धर्मपालने त्यातली एक मशीन घेतली. नबीभाईने गेम विकत घेऊन त्याच्या नावावर टाकून दिली, कुठलं बटण केव्हा दाबायचं ते वहीच्या पानावर लिहून दिलं, आणि सेवानिवृत्त मेकॅनिक कॉम्प्युटर मांडीवर घेऊन अमरावतीला परतला.

तीन आठवड्यांचं काम पाच आठवडे चाललं. मध्ये खुशालराव पुतण्याकडे गेले, एका बाईंच्या मुलाने रिचार्जच मारला नाही, आणि शेवटी शेवटी मशीनच म्हणाली की जागा अपुरी आहे. धर्मपालने नबीभाईला फोन लावून जुन्या गेम काढून टाकल्या. त्यात एक मासे पकडायची गेम होती, तिची खुशालरावांना चटक लागली होती. दुपारी पट्टी सरकत असताना ते तीच खेळत बसायचे. ती काढूनही काही जागा झाली नाही, कारण ती अगदीच एवढीशी होती. खुशालरावांनी दोन दिवस बोरं आणली नाहीत.

संक्रांतीनंतर एका दुपारी पट्टी पूर्ण भरली. जमुनाबाईंनी तिळगूळ आणला होता तो पुन्हा वाटला.

गेममध्ये एक माणूस होता, डोंगरात वाट चुकलेला. त्याला लांडगे खायला यायचे, बंदुकवाले मारायला यायचे आणि तो थंडीनेही मरायचा. पहिल्या दिवशी तो अकरा वेळा मेला. धर्मपालची बोटं स्पॅनरची. दोन बटणं एकदम दाबायची म्हटली की त्याचा माणूस गोल फिरायचा आणि दरीत उडी घ्यायचा.

"मेला!" जमुनाबाई दर वेळी तितक्याच हळहळून म्हणायच्या.

पोरीचं काम नेमकं कुठे आहे ते पौर्णिमाने फोनवर गप्पांच्या ओघात काढून घेतलं होतं. नदी लागते, नदीवर मोडका दगडी पूल आहे, त्याच्याखालून पुढे गेलं की काठ. तिथवर पोचायला धर्मपालला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी दुपारी तो पुलाखालून निघाला आणि समोर काठ आला.

काठभर दगड होते. काळे, आपल्याकडे असतात तसे. पाण्याशी असलेले ओले आणि गुळगुळीत, वरचे कोरडे आणि टोकदार, मधल्यांवर पाणी जिथवर चढून उतरलं असेल तिथवर पांढरट रेघ. धर्मपालने खुर्ची पुढे ओढली. आयुष्यभर दुसऱ्याचं काम तपासायची सवय. त्याने एका टोकापासून दगड बघायला सुरुवात केली. दोन दगड एकसारखे सापडतात का ते तो शोधत होता. पुष्कळ पुढे गेल्यावर एक सापडला, आधीचाच, पण उलटा फिरवून अर्धा वाळूत पुरलेला. तो एकटाच हसला. एवढी चलाखी त्यानेही नव्या पत्र्याची टंचाई असताना केली होती.

मग एक मोठा दगड आला. त्याच्या अंगावरून तिरकी एक बारीक फिकट रेघ गेली होती. ती दिसल्याबरोबर धर्मपालचा हात माऊसवरून उठला आणि बोट पडद्यावर टेकलं.

दगडाला शीर असते, असं त्याची माय म्हणायची. शीर सापडेपर्यंत हातोडा नुसता ठोकून बघायचा आणि सापडली की एकच घाव. ज्याला शीर दिसत नाही त्याचे हात सोलतात. शेवटची काही वर्षं ती अंथरुणावर होती तेव्हा लहानग्या अपेक्षाला जवळ बसवून कायबाय सांगायची. काय सांगते याकडे त्याने कधी कान दिला नव्हता. ही शीर बरोबर होती. घाव कुठे घालायचा ते त्याला बसल्या जागी कळत होतं, आणि जी जागा आपण दाखवतोय ती पोरीने आधीच पाहिली होती, हेही कळत होतं.

"काय झालं गा?" खुशालरावांनी विचारलं. "थांबला काहून?"

"काई नाई," धर्मपाल म्हणाला. "चांगलं काम हाय."

वर्कशॉपात एकतीस वर्षांत हे वाक्य त्याने चार-पाच जणांनाच म्हटलं असेल. तेवढ्यात मागून लांडगे आले आणि त्याचा माणूस उभ्या उभ्या मेला.

त्या आठवड्यात अपेक्षाचा फोन आला तेव्हा त्याने धावत जाऊन उचलला. बोलायचं काय ते त्याने मनात घोळवून ठेवलं होतं.

"बाबा, आईले द्या," ती म्हणाली.

"देतो," तो म्हणाला आणि त्याने फोन दिला.

फेब्रुवारीत नबीभाईचा फोन आला. "खुशखबर हाय भाऊ! तुमची गेम लहान झाली. लोकं जागेसाठी बोंबलून राहिले होते ना, त कंपनीनं नवं अपडेट काढलं. एकशे अठ्ठेचाळीसची नव्वदवर आणली. फक्त चव्वेचाळीस जीबी उतरवा लागन."

"लहान व्हायले अजून चव्वेचाळीस?"

"अब थे तसंच असते."

म्हाताऱ्यांना मात्र आनंद झाला. गेम उतरल्यापासून त्यांच्या फोनांना काही काम उरलं नव्हतं. उद्यापासून पुन्हा सुरू करू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मपालला अकोल्याला जायचंच होतं. मशीनचा पंखा घरघरत होता आणि नबीभाईकडे दुसरा पडला होता.

नबीभाईने दुकानातल्या मशीनवर हौसेने गेम उघडून दाखवली. "पाहा, कशी फटकन उघडते आता."

"पुलाखाली ने जरा," धर्मपाल म्हणाला.

नबीभाईची बोटं तयार. दोन मिनिटांत त्याने माणूस पुलाखाली नेऊन उभा केला. काठ होता, नदी होती, दगडही होते. धर्मपाल वाकून बघू लागला. एक दगड, त्याच्याशेजारी दुसरा, मग तिसरा, चौथा, आणि पाचवा पुन्हा पहिलाच. सहावा दुसरा. फिरवलेलेसुद्धा नव्हते. काठभर तेच चार दगड ओळीने मांडले होते. ओल नव्हती, पांढरट रेघ नव्हती. मोठा दगड जिथे होता तिथे नुसती वाळू होती.

"इथी एक मोठा दगड होता."

"असन. दगडंच कमी केले त्यायनं. बंदुका कमी केल्या असत्या त लोकायनं दुकान जाळलं असतं," नबीभाई हसला. "दगडं पाहाते कोण भाऊ?"

धर्मपालने पंखा घेतला आणि तो स्टँडवर आला. मूर्तिजापूर कधी गेलं, बडनेरा कधी आलं, त्याला कळलं नाही. पोरीच्या अडीच वर्षांचं काम लोकांनी न बघता, जागा पाहिजे म्हणून झाडून टाकलं होतं, आणि तिला हे नक्कीच माहीत असणार. त्याला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की त्याचं तोंड पाहून शेजारच्या सीटवरच्या बाईने पाणी पाहिजे का म्हणून विचारलं. घरी पोचला तर पाचही म्हातारे वर येऊन बसले होते, फोन पूर्ण चार्ज करून. खुशालरावांनी आपला फोन वायरीला लावूनही ठेवला होता. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

धर्मपालने वायर काढली.

"आज नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तो नको म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशीही. पंखा बदलायचं निमित्त दोन दिवस पुरलं, पाठ दुखायचं निमित्त आणखी चार दिवस. मग म्हातारे येईनासे झाले. रस्त्यात भेटले की मात्र विचारत.

महिना संपता संपता अपेक्षा घरी आली. दोन मोठ्या बॅगा आणि एक उशी. जेवताना तिने आईला सांगितलं तेवढंच धर्मपालला कळलं. दगडांवर काम करणारे सगळेच कंपनीने कमी केले होते. दुसरीकडे नोकरी मागायची तर आपण केलेलं काम दाखवावं लागतं, आणि तिच्याकडे एक चित्रसुद्धा नव्हतं. कंपनीच्या बाहेर काही न्यायचं नाही असा करार होता.

"पण गेम त हाय ना बाजारात?" पौर्णिमा म्हणाली.

"जे होतं ते गेममधेच होतं आई, अन् ते काढून टाकलं. लोकायच्या मशीनी आपोआपच अपडेट होते. आता कोणाकडेच नाई ते." ती ताटातल्या भाकरीचे तुकडे करत होती, खात नव्हती. "अडीच वर्षं मी काय केलं, ते मलेच आता पाहाता येत नाई."

धर्मपाल मान खाली घालून जेवत राहिला. त्याच क्षणी त्याला सांगता आलं असतं. पण त्या मोठ्या दगडाशी पोचायचं तर आधी दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीवरून जावं लागणार होतं, आणि ते बायकोसमोर जमणारं नव्हतं. चार दिवस तो नुसता जिन्याखाली घुटमळला. पोरगी खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. पाचव्या दिवशी दुपारी पौर्णिमा भिशीला गेली तेव्हा तो दाराशी उभा राहिला.

"अपेक्षा, जरा वर ये व."

ती आली. कॉम्प्युटर बघून तिला नवल वाटलं असावं, पण तिने विचारलं नाही. धर्मपाल खुर्चीत बसला आणि त्याने गेम चालू केली. पहिली अक्षरं पडद्यावर आली तशी ती दोन पावलं मागे सरकली.

"बाबा, हे नको."

"थांब फक्त."

तो माणसाला घेऊन निघाला. त्याच्या हातून तो दोनदा झाडावर आदळला, एकदा पाण्यात पडला. ती मागे उभी होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. पूल आला. तो पुलाखालून निघाला, काठावर उभा राहिला आणि त्याने हात बाजूला घेतले, कारण पुढे त्याला काही करायचं नव्हतं.

मग अपेक्षा वाकली, अगदी पडद्याजवळ.

"हे आहेत," ती म्हणाली. "बाबा, हे सगळे आहेत."

"हाव. एक तू फिरवून ठेवला. वाळूत."

ती रडत रडत हसली. "तो कोणालेच सापडला नव्हता."

धर्मपालने मोठ्या दगडाच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथून फुटन हा. इथी एक घाव बसला का सरळ दोन. माय असती त तिनं बी इथंच मारला असता." मग तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "त्या दिवाळीले मी जे बोललो थे चुकलं माहं. मी पाहालंच नव्हतं तवा."

अपेक्षाने डोळे पुसले. ती काहीतरी बोलणार होती, पण तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथे बारीक अक्षरांत गेमच्या आवृत्तीचा आकडा होता, अपडेटच्या आधीचा. कामाची सवय; तो तिने वाचला आणि ती सरळ झाली.

"तुमी अपडेट नाई केलं?"

"डेटा नव्हता," धर्मपाल घाईने म्हणाला. "चव्वेचाळीस जीबी मागत होतं. एवढा कुठून आणू मी?"

तिने मान हलवली. ते पटण्यासारखंच होतं. घरात आईबापांत मिळून एक फोन.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि खुशालराव दारात आले. उन्हातून आल्यामुळे त्यांना आतलं नीट दिसत नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढून पुढे धरला.

"घे गा, आज तरी घे. महिना झाला, रोज म्हनतं नको, नको. आमचे पाच फोन भरून पडले, रोज वाया जाऊन राहिलं सारं. जमुनाबाई त माह्यावर चिडून हाय. म्हनते, तुमीच काई बोलले असान त्याले, म्हणून घेत नाई थो." मग त्यांना अपेक्षा दिसली. "अव, पोरगी हाय का! कवा आली व?"

अपेक्षा वळली. ती बापाकडे बघत होती. धर्मपालने खांद्यावरचा टॉवेल घेऊन माऊस पुसायला सुरुवात केली होती. माऊस स्वच्छच होता, पण तो चारी बाजूंनी पुसत होता, वायरसुद्धा. त्या एवढ्याशा खोलीत साठ वर्षांच्या माणसाला तोंड लपवायला दुसरं काही नव्हतं.

"बसा काका," ती अखेर म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण त्यात जोर आला होता. "पलीकडचा काठ पाहाला का तुमी? तो बी माहाच हाय. याच्यापेक्षा चांगला."

"नाई व. तुहा बाप तिथवर नेतच नाई आमाले. इथंच उभा राहाते, अन् लांडगे खाते मंग."

धर्मपाल उठला आणि त्याने खुर्ची लेकीसाठी मागे ओढली.